लॉन नव्याने पेरायच्या आधी तणनाशक मारायचंय, फवारायला काय घेऊ?

अंगणवेडा | ९ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, विषय आधी कुठे येऊन गेला असेल तर सांभाळून घ्या.

आम्ही मध्य न्यूजर्सीत. घर घेऊन तीन वर्षं झाली. मागचं अंगण साधारण ३२०० चौरस फूट आणि पुढचं १४०० च्या आसपास. पुढचं लॉन बऱ्यापैकी आहे. मागे मात्र सगळा जंगलराज, क्रॅबग्रास, क्लोव्हर, डँडेलायन, एक काहीतरी पिवळट हिरवं जे कापल्यावर दोन दिवसात बाकीच्या गवताच्या वर डोकं काढतं, आणि कुंपणाच्या बाजूने एक सरपटणारं चिवट गवत जे उपटलं की दोरीसारखं लांबच्या लांब येतं आणि मधेच तुटतं. शेजारच्या आजोबांचं लॉन असं की वाटतं आत्ताच इस्त्री करून ठेवलंय. परवा कुंपणावरून माझ्याकडे बघून हसले, त्या हसण्यात बरंच काही होतं.

तर प्लॅन असा की ऑगस्टच्या शेवटी मागचं सगळं मारायचं आणि सप्टेंबरच्या मध्यावर टॉल फेस्क्यू (लॉनच्या गवताची एक जात) पेरायचं. औषध ग्लायफोसेट (सरसकट सगळं गवत मारणारं) घेईन असं वाटतंय. अडलोय ते फवारणीच्या पंपावर. दुकानात चार प्रकार दिसले:

नळाच्या पाइपला लावायची बाटली, सगळ्यात स्वस्त. हाताने हवा भरायचा २ गॅलनचा डबा. पाठीवरचा ४ गॅलनचा, दांडा मारत चालायचा. आणि तोच पाठीवरचा पण बॅटरीवाला, जो घेतला तर बायको मला त्याच पाठीवर घेऊन घराबाहेर सोडून येईल, कारण मागच्या महिन्यातच लीफ ब्लोअर घेतलाय.

वर्षातून दोनतीनदा वापर होणार. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट_काका | ९ ऑगस्ट

एवढ्या पैशात माणूस बोलावून करून होईल आणि तुम्ही त्या वेळात धाग्यावर गप्पा मारू शकाल.

अंगणवेडा | ९ ऑगस्ट

काका, दोन ठिकाणी विचारलं. पहिल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी फोन ठेवला, दुसऱ्याने फोनच उचलला नाही 😀

शेवंती | १० ऑगस्ट

मी कोलंबस ओहायोला, आम्ही तीन वर्षांपूर्वी हेच सगळं केलंय त्यामुळे अनुभवाचे बोल.

नळाची बाटली विसरा. तिच्यात औषध किती ओढलं जातंय ते नळाच्या प्रेशरवर, आत कुणी शॉवर घेतला की बदलतं. खत किंवा साधं डास मारायचं औषध वगैरे ठीक आहे पण जे औषध पानाला लागलं की गवत मरणारच आहे ते असं अंदाजपंचे उडवायचं नाही. शिवाय ती पाण्याचा सडा घालते, ग्लायफोसेट पानावरून ओघळून मातीत गेलं की वाया. ते पानातूनच आत जातं, मातीला चिकटलं की गवताच्या कामाचं राहत नाही.

२ गॅलनचा डबा चांगला, पण ३२०० फुटाला दोनदा भरावा लागेल आणि दर पाचेक मिनिटांनी थांबून हवा मारायची. सुरुवातीला फवारा जोरात, मग मंद, मग परत जोरात. म्हणजे काही पट्टे करपतात आणि काही तसेच हसत उभे. आमचं पहिल्या वर्षी अगदी झेब्रा झालं होतं.

आता माझी खरी चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. त्या वर्षी उन्हाळ्यात मी डँडेलायनसाठी टू-फोर-डी वालं रुंद पानाचं औषध मारलं. नंतर पंप दोनदा विसळला, अगदी व्यवस्थित, असं मला वाटलं. आठवड्याने त्याच पंपातून टोमॅटोवर नीमतेल मारलं. चार दिवसात टोमॅटोचे शेंडे असे पिळवटले की बघवेना, पानं शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक लांब. अठरा रोपं होती. एकही वाचलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे दोन पंप आहेत, एकावर मार्करने मोठ्ठं "तण" लिहिलंय आणि त्याला लाल चिकटपट्टी. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी विचारलं की या पंपाला राखी कुणी बांधली.

बागाईतदार | १० ऑगस्ट

राम राम. मी निफाड तालुक्यातला, द्राक्षं आणि थोडा मका. तुमच्या अमेरिकेतल्या लॉनचं मला काही कळत नाही पण पंप आणि तणनाशक हा आमचा रोजचा विषय म्हणून लिहितोय.

ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के खरं. आमच्याकडे शेजारच्या उसात कुणी टू-फोर-डी मारलं आणि वारं आपल्या बाजूचं असलं की द्राक्षाचे शेंडे वाकडे झालेच म्हणून समजा. कपाशीचंही तेच. त्या औषधाचा पंप वेगळाच पाहिजे, तो धुऊन भागत नाही.

भाऊ, तुम्ही चार पंप लिहिले पण नोझलबद्दल एक शब्द नाही लिहिला. पंप ही नुसती टाकी आहे, पाणी पुढे ढकलते. काम नोझल करतं. बहुतेक पंपांबरोबर जे फिरवायचं गोल नोझल येतं ते कोनसारखा फवारा मारतं, बारीक धुकं. ते कीटकनाशकाला, पानाच्या वरखाली सगळीकडे औषध बसावं म्हणून. तणनाशकाला आम्ही फ्लॅट फॅन नाहीतर फ्लड जेट लावतो, थेंब जाड, पट्टा सपाट, वाऱ्याने उडत नाही. कुठलाही पंप घ्या पण आधी बघा की त्याला वेगळं नोझल बसतं का. ज्या पंपाला कंपनीचंच नोझल लागतं तो घेऊ नका.

आणि एक, ते कुंपणाजवळचं सरपटणारं गवत, त्याचा फोटो टाका. तुमच्या वर्णनावरून मला ते ओळखीचं वाटतंय.

अंगणवेडा | १० ऑगस्ट

शेवंतीताई, दादा, दोघांचेही आभार. फोटो टाकलाय. एक कुंपणाजवळच्याचा, एक त्या पिवळट उंच वाढणाऱ्याचा.

बागाईतदार | १० ऑगस्ट

हाहा. पहिला फोटो हरळी. आमचं सगळ्यात जुनं दुखणं तुमच्या दारात येऊन बसलंय. आमचे आजोबा म्हणायचे नांगराने हरळी मरत नाही, तिचं बेणं होतं, जेवढे तुकडे तेवढे कोंब.

दुसऱ्याचा दांडा बोटात धरून फिरवून बघा. गोल फिरला तर गवत, तीन धारा लागल्या तर लव्हाळा.

अंगणवेडा | ११ ऑगस्ट

आत्ता जाऊन बघून आलो. तीन धारा! बोटाला चक्क कडा लागतात. आणि उपटून बघितलं तर खाली मुळाला छोटी गाठ.

आणि थांबा, हरळी म्हणजे दूर्वा ना? बायकोने धागा वाचला आणि म्हणाली की गणपती तोंडावर आलेत आणि तू परसातल्या दूर्वा मारायला निघालास? दर वर्षी त्या इंडियन स्टोअरमधल्या वाळक्या जुड्या आणतो आपण! आता मी काय उत्तर देणार.

शेवंती | ११ ऑगस्ट

फवारायच्या आधी एक ढेकूळ खणून कुंडीत लावा. कुंडीबाहेर जाऊ देऊ नका आणि कुंडी काँक्रीटवरच ठेवा. आमच्याकडे अशीच आहे, थंडीत गॅरेजमधे आत घेते.

मोजपट्टी | ११ ऑगस्ट

उशिरा आलो. मी पेन्सिल्व्हेनियात, लॉन हा माझा आजार आहे, बायको त्याला आजारच म्हणते. थोडं लांबेल.

आधी औषधाबद्दल, कारण पंपापेक्षा तिथे घोटाळा जास्त होतो. अमेरिकेत घरगुती वापराच्या बाटलीवर राउंडअप (बायर कंपनीचं तणनाशक) लिहिलंय म्हणजे आत ग्लायफोसेटच असेल असं आता नाही. बायरने २०२१ मधे जाहीर केलं होतं की २०२३ पासून घरगुती बाजारातून ग्लायफोसेट काढणार, आणि त्या नावाखाली आता दुसरी मिश्रणं येतात. मिश्रण बदललं की पेरायला किती दिवस थांबायचं तेही बदलतं. म्हणून पुढचं मोठं नाव वाचू नका, खाली बारीक अक्षरात घटक असतात ते वाचा. आणि "एक्स्टेंडेड", "३६५", "चार महिने उगवणार नाही" असलं काही लिहिलेली बाटली घरातसुद्धा आणू नका. त्यात बी उगवू न देणारं औषध मिसळलेलं असतं. माझ्या एका मित्राने ते मारून वर महागाचं बी टाकलं, पुढच्या एप्रिलपर्यंत चिखल बघत बसला.

तुम्हाला हवंय ते साधं ४१ टक्क्यांचं ग्लायफोसेट, शेती सामानाच्या दुकानात मिळतं. गॅलनला अडीच औंस म्हणजे साधारण २ टक्के, पण लेबल काय म्हणतं तेच अंतिम, इथे लेबलाबाहेर वापरणं बेकायदेशीर आहे.

दुसरं म्हणजे ऑगस्टमधे लॉन सुकून पिवळं पडलं असेल तर मारून उपयोग नाही. झोपलेलं गवत औषध पीत नाही. दहा दिवस आधीपासून पाणी घाला, तण जोमात येऊ द्या. त्या काळात कापू नका, पान जितकं जास्त तितकं औषध मुळापर्यंत जातं. हो, मारायच्या आधी तणाला खाऊपिऊ घालायचं, बोकडासारखं.

हरळी एका फवाऱ्यात मरणार नाही. एकदा मारा, दोन आठवडे पाणी देत रहा, जे हिरवं परत डोकावेल त्यावर पुन्हा. लव्हाळा ग्लायफोसेटने वरून जळतो आणि गाठीतून परत येतो. त्याचं औषध वेगळं असतं, हॅलोसल्फ्युरॉन, पण ते मारून पेरायच्या आधी चार आठवडे थांबावं लागतं, म्हणजे तुमचा सप्टेंबर गेला. तो पुढच्या वर्षी बघा, नवं गवत रुजल्यावर.

पुढचं लॉन मात्र अजिबात मारू नका. अर्ध्याहून जास्त चांगलं गवत असेल तर नुसतं वरून बी टाकायचं.

आता पंप. ३२०० फुटाला पाठीवरचा ४ गॅलनचा घ्या, एका भरणीत होतं. बॅटरीचा फायदा आराम नाही, सारखं प्रेशर. दांड्याचा घेतलात तरी चालेल, फक्त हात थांबला की फवारा मरतो. पूर्ण भरलेला ४ गॅलन म्हणजे नुसतं पाणीच ३३ पौंड, वर पंपाचं वजन, त्यामुळे पट्टे रुंद आणि कमरेला पट्टा असलेला बघा. आत पिस्टन आहे की डायफ्रॅम यावर लोक भांडतात, तुम्हाला फरक पडणार नाही, पावडरचं औषध वापरणार असाल तर डायफ्रॅम बरा. टाकी प्लास्टिकचीच हवी. घरात जुना गॅल्व्हनाइज्ड डबा असेल तर त्यात ग्लायफोसेट भरू नका, धातूशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो, लेबलावर इशाराच असतो.

नोझलबद्दल बागाईतदार बोलले ते सोन्यासारखं. इथे नोझलचे रंग ठरलेले आहेत, पिवळं म्हणजे ०२ नंबरचं, निळं ०३, लाल ०४. लाल घ्या, ८० अंशाचं सपाट. ४० पीएसआय प्रेशरला मिनिटाला ०.४ गॅलन, म्हणजे एक गॅलन अडीच मिनिटात. अर्ध्या मांडीच्या उंचीवर धरलं तर पावणेतीन फुटाचा पट्टा पडतो, कडेला फवारा विरळ असतो म्हणून पट्ट्यावर पट्टा चढवायचा.

नवाकोरा | ११ ऑगस्ट

मोजपट्टी सर तुम्ही हे सगळं पाठ केलंय का?? 🙏

रानवारा | १२ ऑगस्ट

सगळे इतक्या सहज ग्लायफोसेट ग्लायफोसेट करताहेत ते वाचून राहवलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मधे ते "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलंय. भारतात २०२२ पासून सामान्य माणसाने मारायलाच बंदी आहे, फक्त कीड नियंत्रणवाल्यांनी मारायचं. आणि कशासाठी, तर शेजाऱ्याच्या गवतासारखं गवत दिसावं म्हणून. काळं किंवा पारदर्शक प्लास्टिक अंथरा, उन्हाने मरेल सगळं. नाहीतर क्लोव्हर राहू द्या की, मधमाश्या येतात.

मोजपट्टी | १२ ऑगस्ट

२०१५ चं खरं आहे. अमेरिकेच्या ईपीएने (सरकारी पर्यावरण संस्थेने) मात्र लेबलप्रमाणे वापरलं तर कॅन्सरची शक्यता नाही असं म्हटलंय. ज्याने त्याने ठरवावं. प्लास्टिकचा उपाय चांगला आहे पण त्याला कडक उन्हाचे चार ते सहा आठवडे लागतात, १२ ऑगस्टला सुरू केलं तर न्यूजर्सीत पेरायची वेळ निसटते. जूनमधे हा धागा निघाला असता तर मीही तेच सुचवलं असतं.

बागाईतदार | १२ ऑगस्ट

रानवारा, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि बंदीचंही बरोबर आहे. दुकानात अजून कसं मिळतं ते विचारू नका. पण मी सांगतो, माणूस मरतो तो औषधापेक्षा मारायच्या पद्धतीने जास्त. २०१७ ला यवतमाळला कपाशीवर फवारताना वीसेक शेतकरी गेले. ती कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हे, पण कपाशी डोक्याएवढी, फवारा नाकातोंडात, अंगात बनियन, ना हातमोजे ना काही, आणि उन्हात दिवसभर. अंगणवेडा भाऊ, फुल पँट, फुल शर्ट, रबरी बूट, हातमोजे, चष्मा. औषध मोजून ओतताना सगळ्यात जास्त काळजी, कारण तेव्हा ते पक्कं असतं, पाण्यातलं नाही.

गळका पंप पाठीवर घ्यायचा नाही. आधी साध्या पाण्याने भरून अर्धा तास घेऊन फिरा, शर्ट ओला झाला की झाकणाचा वॉशर बघा.

खवचट_काका | १२ ऑगस्ट

म्हणजे अंगणवेडा आता पाठीला पाण्याची टाकी बांधून अर्धा तास अंगणात फेऱ्या मारणार. शेजारचे आजोबा काय म्हणतील.

अंगणवेडा | १८ ऑगस्ट

काका, शेजारचे आजोबा खुर्ची घेऊन बाहेर बसले. खरंच.

अपडेट असं की बॅटरीवाला घेतला. बायकोला मोजपट्टींचा तो सारख्या प्रेशरचा परिच्छेद वाचून दाखवला, ती म्हणाली की याला तूच पैसे देऊन लिहायला लावलंस. पंपाबरोबर आलेलं नोझल तेच गोल फिरवायचं निघालं, दादा म्हणाले तसं. लाल सपाट नोझल वेगळं मागवलं. पहिल्याच दिवशी नळी आणि लान्सच्या (हातात धरायच्या फवारणीच्या दांडीच्या) जोडावर ठिबकत होतं, टेफ्लॉन टेप गुंडाळून बंद झालं.

आता किती वेगाने चालायचं ते कसं ठरवू? अंदाजाने?

मोजपट्टी | १८ ऑगस्ट

अंदाजाने नाही. २० फूट बाय १७ फुटाचा चौकोन आखा, ३४० चौरस फूट झाले. टाकीत साधं पाणी खुणेपर्यंत भरा, जसं खरं मारणार तसं तेवढंच फवारा, मग खुणेपर्यंत परत भरायला किती औंस पाणी लागलं ते मोजा. जितके औंस तितके गॅलन एकराला, गुणाकार भागाकार काही नाही, कारण ३४० फूट हा एकराचा १२८ वा भाग आणि एक औंस हा गॅलनचा १२८ वा. ४४ च्या आसपास आलं की हजार फुटाला एक गॅलन बसतंय.

अंगणवेडा | १८ ऑगस्ट

पहिल्यांदा ७१ औंस. मी देवळात प्रदक्षिणा घातल्यासारखा चालत होतो. दुसऱ्यांदा ५२. तिसऱ्यांदा ४५. ड्राइव्हवेवर आखलं होतं त्यामुळे ओल कुठे सुटली तेही दिसलं. लान्स डावीउजवीकडे हलवली की मधे कोरडे त्रिकोण राहतात.

बागाईतदार | १९ ऑगस्ट

बरोबर. लान्स हलवायची नाही, एका जागी धरून सरळ चालायचं. आमच्याकडे गडी झाडू मारल्यासारखी हलवतात, मग म्हणतात औषध डुप्लिकेट होतं.

पाणी स्वच्छ घ्या. गढूळ पाण्यात ग्लायफोसेट मातीलाच चिकटतं. पाणी जड असेल तर आधी अमोनियम सल्फेट विरघळवतात आणि मग औषध टाकतात. फुलझाडांच्या कडेने मारताना नोझलला प्लास्टिकचं हूड लावा, मिळालं नाही तर मोठ्या बरणीचा तळ कापून लावा, आमच्या इथे तेच चालतं. आणि वारा बघा. अगदीच निश्चल पहाट पण नको, तेव्हा धुकं खाली तरंगत राहतं आणि कुठेही जातं. पान हलेल इतपत झुळूक, आणि ती शेजाऱ्याच्या भाजीकडे जाणारी नको.

शेवंती | १९ ऑगस्ट

निळा रंग मिळतो टाकीत टाकायचा, कुठे मारलं कुठे राहिलं कळतं, एकदोन दिवसात उडून जातो. जरूर टाका. फक्त हातमोजे घालून, माझी बोटं आठवडाभर निळी होती, ऑफिसमधे सगळ्यांना मतदान करून आलीस का असं झालं.

अंगणवेडा | २५ ऑगस्ट

मारलं! सकाळी नऊला, झुळूक आमच्या गॅरेजकडे, पाऊस पुढचे दोन दिवस नाही. सव्वातीन गॅलन लागलं, हिशोब ३.२ चा होता. निळा रंग टाकला. दूर्वांची कुंडी आदल्या दिवशीच पुढे पायरीवर नेऊन ठेवली. मुलाला आणि कुत्र्याला दिवसभर मागे बंदी. पंप तीनदा विसळला आणि ते पाणी मारलेल्याच जागेवर फवारलं. त्याच्यावर मार्करने "तण" लिहिलं, लाल चिकटपट्टी लावली.

आता फक्त वाट बघायची.

अंगणवेडा | ३० ऑगस्ट

पाच दिवस झाले, काही नाही. सगळं हिरवंगार. उलट क्रॅबग्रास जरा खुलल्यासारखं वाटतंय. औषध डुप्लिकेट?

मोजपट्टी | ३० ऑगस्ट

थांबा हो. सातदहा दिवस लागतात. आतून मरत असतं.

अंगणवेडा | ७ सप्टेंबर

मेलं. सगळं पेंढ्याच्या रंगाचं झालंय, कुंपणाजवळ हरळीचे दोनचार हिरवे कोंब आहेत तेवढे, त्यावर आज सकाळी पुन्हा मारलं. पट्टे वगैरे नाहीत, एकसारखं.

पण. आता जे सांगतोय त्यावर हसायचं नाही. त्या २५ तारखेला औषध मारून झाल्यावर मी पंप घेऊन मागच्या फाटकातून पुढे आलो, नळ पुढे आहे म्हणून. बूट ओले. पुढचं लॉन, जे चांगलं होतं, जे मारू नका म्हणून मोजपट्टींनी बजावलं होतं, त्याच्यावरून मी चालत गेलो. आज त्या १४०० फुटाच्या हिरव्या लॉनवर फाटकापासून थेट पुढच्या दारापर्यंत पिवळी पडलेली पावलं उमटलीत. एकूण बावीस. डावं, उजवं, डावं, उजवं, टाच आणि चवडा स्पष्ट. नळापाशी मी उभा राहिलो होतो तिथे दोन्ही पाय शेजारी शेजारी.

आज गणपती बसले. तीन दिवसांनी गौरी येणार. बायको दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, यंदा रांगोळीची पावलं काढायला नकोत, तू आधीच काढून ठेवलीस, फक्त नऊ नंबरचे बूट घातलेली गौर आहे ही.

खवचट_काका | ७ सप्टेंबर

मी हसत नाहीये. मी लोळतोय.

नवाकोरा | ७ सप्टेंबर

फोटोओओओओ

शेवंती | ७ सप्टेंबर

😂😂 अहो, सोन्यारुप्याच्या पावलांनी म्हणतात, ही तर ग्लायफोसेटच्या पावलांनी! आरती कुठली म्हणणार?

बागाईतदार | ८ सप्टेंबर

भाऊ चूक माझी, सांगायला पाहिजे होतं. मारताना तोंड कोरड्याकडे आणि शेवट बाहेरच्या वाटेला, आणि मारलेल्यातून परत यायचं नाही. आलं तर बूट तिथेच काढायचे. आमच्याकडे बांधावर असली पावलं नेहमी दिसतात म्हणून डोक्यातच आलं नाही.

दूर्वा किती निघाल्या?

अंगणवेडा | ८ सप्टेंबर

एकवीस मोजून. ताज्या. एवढ्या एका गोष्टीवर मी घरात टिकून आहे.

मोजपट्टी | ८ सप्टेंबर

पावलांवर पण पेरा, त्यात काय. मागे आता मेलेलं गवत अगदी खाली कापा, पंज्याने ओरबाडून माती उघडी करा, स्लिट सीडर (मातीत चिरा पाडून बी पेरणारं यंत्र) भाड्याने मिळाला तर उत्तम. टॉल फेस्क्यू हजार फुटाला ६ ते ८ पौंड, त्याहून जास्त टाकायचा मोह आवरा. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनतीनदा हलकं पाणी.

पेरतानाच मेसोट्रायोन नावाचं तणनाशक मारता येतं, नव्या फेस्क्यूला चालतं आणि क्रॅबग्रास वगैरे बरंच थोपवतं. मात्रा अगदी कमी, एकराला ४ औंस म्हणजे हजार फुटाला २.७ मिली, औषधाची सिरिंज घेऊन मोजा, चमचा नको. काही तण पांढरंफटक पडेल, घाबरू नका, ते हरितद्रव्यच टिकू देत नाही. गंमत म्हणजे हे औषध बॉटलब्रशवरून सापडलं. १९७७ मधे कॅलिफोर्नियात कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या झुडपाखाली फारसं काही उगवत नाही, तिथून पुढे धागा लागला.

रानवारा | ९ सप्टेंबर

पुण्यात आमच्या सोसायटीत बॉटलब्रश आहे आणि त्याच्याखाली खरंच काही येत नाही, मी इतकी वर्षं माळ्याला बोलत होते! (तरीही माझं क्लोव्हरचं मत कायम आहे.)

अंगणवेडा | २६ सप्टेंबर

१५ तारखेला पेरलं. काल सकाळी चहा घेऊन मागे गेलो, उन्हाचा तिरका झोत होता, आणि जमिनीवर हिरवी धूळ बसल्यासारखं दिसलं. खाली वाकून बघितलं तर सुईएवढे कोंब, प्रत्येकाच्या टोकाला दवाचा थेंब. मी गुडघ्यावर बसून मुलाला हाक मारली, तो आला, बघितलं, म्हणाला "गवत आहे बाबा", आणि गेला.

अंगणवेडा | १९ ऑक्टोबर

शेवटचा अपडेट. मागचं दोनदा कापून झालं. कुंपणाजवळ थोडं विरळ आहे, लव्हाळा सातआठ ठिकाणी आलाच आहे, तो पुढच्या वर्षी. हरळी आत्ता तरी फक्त कुंडीत.

पुढच्या लॉनमधे पावलांवर तेच नवं फेस्क्यू टाकलं होतं. ते जोरात आलं आणि जुन्या गवतापेक्षा चांगलं दोन छटा गडद निघालं. त्यामुळे आता फाटकापासून दारापर्यंत बावीस गडद हिरवी पावलं आहेत. शेजारचे आजोबा काल मुद्दाम रस्ता ओलांडून बघायला आले आणि त्यांनी विचारलं की हे कसं केलंस.

खवचट_काका | १९ ऑक्टोबर

सांगितलंत?

अंगणवेडा | १९ ऑक्टोबर

म्हणालो आमच्याकडे सणाला काढतात.

बागाईतदार | २० ऑक्टोबर

😄 छान झालं भाऊ. तुमच्याकडे बर्फ पडतो ना, पंपातलं पाणी नळी आणि मोटरसकट पूर्ण काढून ठेवा, गोठलं की फुटेल. बॅटरी घरात.

अंगणवेडा | २० ऑक्टोबर

बॅटरी घरात आणली. पंप काढायला आता खाली जातो, थँक्यू दादा, विसरलोच होतो.